हजेरी

पवित्र शास्त्र, एक प्रत. काळं रेक्झिन, लाल कडा, पाठीवर पप्पांनी खळ लावून चिकटवलेली निळ्या कापडाची पट्टी. आतल्या पानावर प्रकाशकाचा पत्ता: दि बायबल सोसायटी ऑफ इंडिया, २०६, महात्मा गांधी रोड, बंगलोर. नगर, जालना, मिरज, कोल्हापूर इथल्या मराठी मंडळ्यांत दर रविवारी जे पुस्तक उघडलं जातं, त्यावर पत्ता आमच्या गावाचा. आईला याचा आनंद कधी शिळा झाला नाही. बेळगावहून कोणी पाहुणे आले की ती त्यांना एम. जी. रोडला नेऊन ती इमारत दाखवायची, लोक विधानसौध दाखवतात तशी.

समासात शिसपेन्सिलीच्या बारीक नोंदी. स्तोत्रसंहितेत सगळ्यात जास्त. तारीख आणि दोन-तीन शब्द. ‘निकाल.’ ‘ह्यांचं ऑपरेशन.’ ‘पाऊस नाही.’ ‘धाकटीला ताप, चौथा दिवस.’ एका पानावर नुसतं ‘थकले.’

*

आई बेळगावची. १९३८चा जन्म, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १९६२ साली लग्न होऊन ती बंगळूरला आली, कारण पप्पांना एच. एम. टी.च्या नव्या घड्याळ कारखान्यात नोकरी लागली होती. १९६४ ते १९९६ ती कँटोन्मेंटातल्या एका शाळेत शिकवत होती. रविवारी सकाळी साडेआठच्या उपासनेला तिसऱ्या बाकावर, भिंतीकडून दुसरी. तिथे तिच्या जागी दुसरं कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. जानेवारीत ती गेली. फ्रेझर टाऊनातलं भाड्याचं घर मार्चअखेर सोडायचं होतं. आम्ही तिघं भावंडं दहा दिवस तिथे बसून होतो. वस्तू फार निघाल्या नाहीत. एकेका वस्तूबरोबर जे जात होतं ते मात्र टेम्पोत मावणारं नव्हतं. म्हणून ही यादी.

*

खडूचे तुकडे, एक बिस्किटाचा डबा भरून. बोटात धरता येत नाहीत इतके लहान. शाळेत ते टाकून देत, आई पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची. त्या खडूंनी ती कापडावर मापं आखायची, गॅस सिलिंडरवर लावल्याची तारीख लिहायची, आम्हाला मोरीच्या दारावर शुद्धलेखन घालायची. दार गेल्या वर्षी मालकांनी रंगवलं. रंगाखाली ‘ऱ्हस्व’ आणि ‘दीर्घ’ अजून असतील.

*

शाळेत ती हिंदी शिकवायची. मराठी बाई, म्हणजे देवनागरी येणार, म्हणजे हिंदी शिकवणार, असा तेव्हा बंगळूरच्या शाळांत हिशेब होता आणि तिच्याबाबतीत तो खरा ठरला. तिने रात्री जागून हिंदीच्या परीक्षा दिल्या. पण दोन अक्षरं तिला आयुष्यभर दोनदा लिहावी लागली, ‘ल’ आणि ‘श’. मराठी लेखणीचा ल वेगळा, हिंदीचा वेगळा. मराठी श पाकळीदार, हिंदीचा शेंडीवाला. फळ्यावर ती न चुकता हिंदी वळणाची अक्षरं काढायची आणि घरी आली की दुधाच्या हिशेबात, पत्रात, वाण्याच्या यादीत मराठी वळणाची. एका मनगटात दोन वळणं. बत्तीस वर्षांत ही सरमिसळ तिने एकदाही होऊ दिली नाही. मी तिच्या वह्या शोधून शोधून पाहिल्या.

ळ मात्र तिने कुठेच सोडला नाही. हिंदीच्या तासाला त्याला जागा नव्हती. पण वर्गात कानडी मुलं असायची, तमिळ असायची, त्यांच्या जिभेवर ळ आधीच होता. ‘हा आपल्या सगळ्यांचा आहे, पुस्तकात नसला तरी,’ असं ती त्यांना सांगायची. हे मला तिच्या एका विद्यार्थ्याने, आता साठीला आलेल्या, दफनाच्या दिवशी सांगितलं.

*

तिला हाका मारण्याचे शब्द. बेळगावात: बाई. शाळेत: मिस. शेजारी, भाजीवाले, रिक्षावाले, पोस्टमन: टीचरम्मा. चर्चमध्ये: आँटी. पप्पा: अगं. शेवटच्या दोन वर्षांत तिला ‘बाई’ म्हणणारं कोणीच उरलं नव्हतं. बेळगावची तिची शेवटची मैत्रीण गेल्याचं कळलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, ‘आता मला बाई कोण म्हणेल?’

*

उपासना संगीत. पुठ्ठा गेलेला, वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर पुन्हा कॅलेंडरच्या चकचकीत कागदाचं कव्हर. या पुस्तकाविषयी थोडं जास्त लिहितो, कारण मराठी वाचकांपैकी पुष्कळांनी ते पाहिलेलं नसतं.

हे मराठी ख्रिस्ती मंडळीचं भजनांचं पुस्तक. यात इंग्रजी चालींवर बसवलेली गीतं आहेत, पण त्याचा प्राण वेगळीकडे आहे: अभंग, ओव्या, साक्या, दिंड्या. कृष्णराव सांगळ्यांची पदं आहेत, ज्यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं तर पानोपानी आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला. १९१९मध्ये ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी ख्रिस्ताला मराठी संतांच्या छंदांत आणून बसवलं. आई म्हणायची, टिळकांच्या आधी आम्ही देवाशी भाषांतरात बोलत होतो.

बंगळूरच्या आमच्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन आहे, चार आवाजांत गाणारी गायकवृंदाची मंडळी आहे, आणि ती सुंदर गातात. आई त्यात अल्टो गायची. पण साकीला तिथे जागा नव्हती. साकी तिने पोळ्या लाटताना गायली. रोज, सकाळी साडेसहाला, पोळपाटाच्या ठेक्यावर. मला शंभरेक पदांच्या चाली येतात, शब्द अर्धेच येतात. माझ्या बहिणीला शब्द येतात. भावाला कोणत्या पोळीला कोणतं कडवं यायचं ते आठवतं. तिघं एकत्र बसलो तर एखादं पद पुरं होतं. आमच्या मुलांना यातलं काही येत नाही, आणि तो दोष त्यांचा नाही.

पुस्तकात खुणेला एक कागद. आईच्या अक्षरात सात क्रमांक, वर लिहिलंय: ‘माझ्या वेळी.’ दफनाच्या वेळी त्यातलं एकही म्हणता आलं नाही. मंडळीला मराठी येत नव्हतं आणि आम्हाला कागद सापडला तो मार्चमध्ये.

*

घड्याळ, एच. एम. टी. जनता, चावीचं. पप्पांचं. ते १९९८ला गेल्यावर आईने बायकी घड्याळ काढून ठेवलं आणि हे बांधलं. तिच्या मनगटाला ते मोठं व्हायचं, म्हणून पट्ट्याला तिने दाभणाने दोन जादा भोकं पाडली होती.

जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१मध्ये बंगळूरला घड्याळं बनायला लागली. तोवर देशात मनगटी घड्याळ म्हणजे बाहेरून आलेली चीज होती. पप्पांच्या बॅचमधली पोरं विशी-बाविशीची, डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवायला शिकत होती. जालहळ्ळीला जायला कारखान्याची बस होती. तिच्या वेळेवर आमच्या गल्लीतली सगळी घरं चालायची. जानेवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने एच. एम. टी. वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आईने ती बातमी कापून पप्पांच्या फोटोच्या मागे ठेवली, जशी एखाद्या नातेवाइकाच्या निधनाची ठेवतात.

चावी ती रोज रात्री प्रार्थनेनंतर द्यायची. आधी प्रार्थना, मग चावी, मग दिवा. रुग्णालयात नऊ दिवस चावी दिली गेली नाही. घड्याळ एक वाजून दहा मिनिटांवर थांबलंय. ते आता बहिणीकडे आहे. ती चावी देते की नाही हे मी विचारलेलं नाही.

*

औटकी. ही वस्तू नाही, पण यादीत घालतो.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. अपूर्णांकांचे पाढे. बेळगावच्या शाळेत आईने पाठ केलेले, आणि रसेल मार्केटात आयुष्यभर वापरलेले. साडेतीन किलो तांदूळ म्हटलं की दुकानदाराची बोटं गणकयंत्राकडे जायच्या आत तिचं उत्तर तयार, कारण औट म्हणजे साडेतीन आणि औटकी तिच्या जिभेवर. मार्केट १९२७चं, लाल विटांचं, कमानींचं. आतले व्यापारी पिढीजात, उर्दू-दखनी बोलणारे. आईची मराठी आणि त्यांची दखनी एकमेकींना बऱ्याच ठिकाणी ओळखत. ‘टीचरम्मा, बोलो कित्ते हुए?’ असं विचारून ते गंमत म्हणून तिच्याकडून हिशेब करून घेत आणि गणकयंत्रावर ताडून बघत. फेब्रुवारी २०१२मध्ये मार्केटला आग लागली आणि पुष्कळ गाळे जळाले. दुसऱ्या दिवशी आई तिथे गेली होती. काही घ्यायला नव्हे. भेटायला.

मला दिडकीपर्यंत येतं. पुढे येत नाही.

*

रोज कुकीचा साचा, लांब दांडीचा, पितळी. आणि करंजीचं कातणं, फिरकी झिजून गुळगुळीत झालेलं. दोन्ही एकाच कापडात गुंडाळलेली, कारण वर्षातून एकदाच, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, ती एकत्र बाहेर निघत. साचा कॉक्स टाऊनच्या अँग्लो-इंडियन शेजारणीने दिलेला, कातणं बेळगावच्या आजीचं. आमच्या नाताळच्या ताटात करंजी, चकली, शेव, कलकल, रोज कुकी आणि केकची चकती. करंज्या आणि चकल्या डब्यातून सगळ्या गल्लीत जात. डबे रिकामे परत येत नसत. दिवाळीला ब्राह्मण शेजाऱ्यांचे, ईदला मागच्या गल्लीतले, पोंगलला समोरचे. या येण्याजाण्याचा हिशेब कुठे लिहिलेला नव्हता, आणि कोणी कुणाचं ठेवून घेतल्याचं ऐकिवात नाही. आता समोर चार मजली इमारत आहे. तिथले लोक चांगले आहेत. त्यांची नावं आईला माहीत होती, मला नाहीत.

*

मुठीचा डबा. डालड्याचा जुना, पिवळा.

हे बेळगावहून आलेलं व्रत. रोज भात टाकताना कुटुंबासाठी तांदूळ मोजून घ्यायचे आणि त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. महिनाअखेर तो डबा मंडळीला. मराठी मंडळ्यांत बायकांनी अशी मुठीमुठीने कितीतरी कामं चालवली, पाळकांच्या पगारापासून विधवेच्या औषधापर्यंत, कारण बायकांच्या हातात पैसा नव्हता, तांदूळ होता. आईच्या हातात पुढे पगार आला. तरी मूठ थांबली नाही. बंगळूरच्या चर्चमध्ये असा डबा घेण्याची पद्धत नव्हती, तेव्हा तिने आपली वाट काढली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती डबा घेऊन शाळेच्या आयाकडे जायची. आया निवृत्त झाली, तरी तिच्या घरी. आया वारली, तेव्हा तिच्या सुनेकडे.

डबा उघडला तेव्हा निम्म्याच्या वर भरलेला होता. सोना मसुरी. आम्ही तो सुनेकडे पोचवला. तिने डबा रिकामा करून परत दिला आणि दारातच विचारलं, पुढच्या महिन्यात कोण येणार?

*

ज्ञानोदयचे अंक, दोन गठ्ठे, सुतळीने बांधलेले. १८४२ साली नगरला सुरू झालेलं हे पत्र. बेळगावच्या घरी आजोबा ते वाचून दाखवत. बंगळूरला ते टपालाने यायचं, कागदी पट्टीत गुंडाळलेलं, त्यावर शाईने पत्ता. आई पट्टी फाडायची नाही. वाफेवर धरून सोडवायची आणि कोऱ्या बाजूवर सामानाची यादी करायची.

शेजारीच स्मृतिचित्रे, मधली पानं सुटलेली. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती लक्ष्मीबाई टिळक एकदा पुऱ्या वाचायची. नवऱ्याने धर्म बदलला, ती पाच वर्षं वेगळी राहिली, १९००मध्ये तिने आपल्या पायांनी चालत जाऊन बाप्तिस्मा घेतला, आणि नवऱ्यामागे मुलाबाळांना घेऊन थेट कराची गाठली. ‘लक्ष्मीबाई कराचीपर्यंत गेल्या, मी बंगळूरपर्यंत,’ असं आई म्हणायची. तिला परकं वाटायचं का, हे आम्ही तिला विचारलं नाही. ती दर उन्हाळ्यात तेच पुस्तक का काढते हेही विचारलं नाही.

आणि बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन, १८५७चं, मराठीतल्या कादंबरीचा आरंभ ज्याने झाला असं मानतात ते. ही अर्थात नवी आवृत्ती. आईचा त्यावर हक्काचा जीव होता, कारण बाबा पदमनजी बेळगावचे, १८३१चा जन्म, आणि तिथल्याच मिशन शाळेत शिकलेले. पहिल्या पानावर तिने लिहून ठेवलंय: ‘आमच्या गावचे.’

*

गाव. १ नोव्हेंबर २०१४ला कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावं बदलली. बॅंगलोरचं बेंगळुरू झालं, बेलगामचं बेळगावी. तिचं माहेर आणि सासर एकाच दिवशी. सीमाप्रश्नावर घरी येणारे-जाणारे वाद घालायचे. तिने कधी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी मात्र तिने पेपरातली यादी दोनदा वाचली आणि म्हणाली, ‘आम्ही बेळगाव म्हणायचो, बंगळूर म्हणायचो. आमची नावं या यादीत आधीही नव्हती, आताही नाहीत.’

शाळेतली मुलं तिला विचारत, मिस, तुम्ही नॉर्थ इंडियन का? तेव्हा ती फळ्यावर नकाशा काढून शहाजीराजांची गोष्ट सांगायची. १६३८मध्ये बंगळूर जिंकल्यावर ते जहागीर म्हणून त्यांच्याकडे आलं, ते इथे राहिले, आणि मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराच्या देवळाशी त्यांच्या मुलाचं, व्यंकोजीचं नाव जोडलेलं आहे. हिंदीच्या तासाला इतिहास. मुख्याध्यापिका दारातून बघून पुढे जायच्या.

*

रेल्वेची पिवळी, जाड पुठ्ठ्याची तिकिटं, सव्वीस. बंगळूर ते बेळगाव, मे महिन्यातली. मीटरगेज होतं तोवर रात्र संपायची, प्रवास संपायचा नाही. ज्या कंपनीने हा मार्ग टाकला तिचं नाव सदर्न मराठा रेल्वे. आई हे नाव मुद्दाम पुरं उच्चारायची. परतताना कुंदा, पाव किलोचे चार पुडे. एक शाळेला, एक पाळकसाहेबांना, एक गल्लीला, एक घरी. १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झालं, गाडी वेगात जाऊ लागली, आणि तोवर बेळगावात जाण्यासारखी माणसं कमी झाली.

*

एस. टी. डी. बूथची पावती, एक. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा. आजी आजारी असताना आई पावणेअकरापासून कोट घालून बूथबाहेर रांगेत. डिसेंबरची थंडी. बोलणं दीड मिनिट.

*

पांढरी साडी, सुती, बारीक निळा काठ. प्रभुभोजनाच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी. बारा ते तीनच्या उपासनेला ती तीन तास पाठ न टेकता बसायची आणि घरी येऊन पेज घ्यायची. तिने सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे तीच तिला नेसवली.

*

अर्पणाची पाकिटं. मार्च २०२०मध्ये चर्चला कुलूप लागलं. उपासना फोनवर दिसू लागली. भावाने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा करून दिला. रविवारी सकाळी सव्वाआठला ती तयार: साडी, चपला, पर्स, हातात उपासना संगीत. घरात चपला घालून बसलेली ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. ‘चर्चला चाललेय ना,’ असं तिचं उत्तर. अर्पणाच्या वेळी ती पाकिटात नोट घालून त्यावर तारीख लिहून उशीखाली ठेवायची. दारं उघडली त्या पहिल्या रविवारी तिने सगळी पाकिटं एकदम थैलीत टाकली. थैली धरणारा मुलगा गोंधळला. ही जी उरली आहेत ती कोरी. अकरा.

*

शब्द. पाळकीणबाई. झावळ्यांचा रविवार. कापणीचा सण. आशीर्वचन. मंडळी, आपल्या अर्थाने. निरोप घेताना ‘सलाम’, हात कपाळाला न लावता, नुसता शब्द. फिलिप्पैकरांस, कलस्सैकरांस, थेस्सलनीकाकरांस: बायबलच्या सहासष्ट पुस्तकांची नावं आम्ही पाढ्यासारखी म्हणायचो. जुन्या करारात किती? तीन आणि नऊ, एकोणचाळीस. नव्यात? तीन नवे सत्तावीस. ही नावं मला इंग्रजीत आता चटकन आठवतात. मराठीत म्हणताना यिर्मयाशी अडखळतो. तिथे आई उलथनं ओट्यावर आपटून पुढचं नाव सुचवायची: विलापगीत.

*

दगड. आमच्या ख्रिस्ती कबरस्तानात नवी जागा मिळणं कठीण. जुनी कबर पुरेशा वर्षांनी उघडून त्यातच कुटुंबातल्या माणसाला ठेवतात. आई पप्पांच्या कबरीत आहे.

पप्पांच्या दगडावर इंग्रजीखाली तिला दोन ओळी मराठीत हव्या होत्या. कोरणारे आजोबा तमिळ. कानडी, तमिळ, इंग्रजी अक्षरं त्यांच्या हातात होती. देवनागरी नव्हती. आईने मोठ्या कागदावर अक्षरं काढून दिली, त्यांनी कागद दगडावर ठेवून टोचून टोचून उतरवली. तीन दिवस ती रोज तिथे जात होती. ‘श’ची पाकळी त्यांना जमेना. तिने खडूने दगडावरच गिरवून दाखवली, त्यांच्या हातावर हात ठेवून, पहिलीच्या मुलाला दाखवावी तशी. १९९८चा तो श अजून आहे. छिन्नी जरा थरथरलेली दिसते, पण तो श मराठी आहे.

आईच्या नावाखाली ‘शिक्षिका’ एवढाच शब्द घालायचं ठरलं. आता दगड यंत्रावर कापतात. संगणकात शब्द टाकला, त्याने शेंडीवाला श उमटवला. मी म्हटलं, हा नव्हे. दुकानातल्या मुलाने आदराने, मनापासून सगळे फाँट उघडून दाखवले. शेवटी मी घरून तिची वाण्याची यादी घेऊन गेलो. त्यात ‘शेंगदाणे’ होते. त्याने त्या श चा फोटो काढला आणि तोच दगडात कापला. ती अक्षरं आता एकावर एक आहेत, पप्पांसाठी तिने काढलेलं आणि शेंगदाण्यांसाठी काढलेलं.

*

वह्या, बत्तीस. शंभर पानी, तपकिरी पुठ्ठ्याच्या, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, वर जुनी चादर. दर वर्षाची एक. १९६४-६५ पासून १९९५-९६ पर्यंत.

आम्हाला वाटलं पाठ टाचणं असतील. पहिल्या पानावर वर्ग आणि तुकडी. मग रोल नंबर आणि नावं, शाळेच्या हजेरीपटावरून उतरवलेली, पण देवनागरीत, मराठी वळणाच्या अक्षरांत. वर्गात तिने ही नावं इंग्रजीत घेतली, घरी मराठीत लिहिली. प्रत्येक नावापुढे ओळभर जागा.

लहानपणी शनिवारी रात्री आई उशिरापर्यंत स्वयंपाकघरात जागी असायची. दाराच्या फटीतून पुटपुटणं ऐकू यायचं, एका लयीत, मधे थांबत. आम्हाला वाटायचं पेपर तपासत असेल. ती हजेरी घेत होती. एकेक नाव घेऊन, त्याच्यापुढची ओळ वाचून, देवापुढे ठेवत होती. रविवारी सकाळी तिसऱ्या बाकावर बसायची ती हे करून.

नावं मी इथे लिहीत नाही. ती तिच्याकडे सोपवलेली होती. ओळींपैकी काही लिहितो.

रोल नंबर ७: ‘डबा आणत नाही. माझ्यातला अर्धा.’ रोल नंबर १९: ‘अक्षर सुधारलं.’ रोल नंबर ३०: ‘मला खोटं बोलला. मी वर्गासमोर बोलले. क्षमा.’ क्षमा कोणी कोणाची मागायची ते लिहिलेलं नाही. पुढच्या आठवड्याची तारीख घालून खाली: ‘मागितली.’ रोल नंबर २: ‘वडील गेले. गणितात पास.’

काही नावांपुढे पुढच्या कितीतरी वर्षांच्या नोंदी वेगवेगळ्या शायांत आहेत. ‘दुबई.’ ‘मुलगी झाली.’ ‘भेटला, रसेल मार्केट, ओळखलं नाही, मीच हाक मारली.’ काहींपुढे छोटा क्रूस आणि तारीख. म्हणजे जुन्या वह्याही ती परत परत काढत होती. बत्तीस वर्षांची हजेरी, निवृत्तीनंतरही, शनिवारी शनिवारी वाटून घेतलेली. मी हिशेब करायला बसलो, बाराशेच्या पुढे गेल्यावर सोडला. तिला औटकी येत होती. तिने तो केला असेल.

शेवटची वही १९९५-९६ची. सातवी, ब तुकडी. एकेचाळीस नावं. एकेचाळीसावी मुलगी वर्ष संपता संपता दाखल झालेली दिसते, नाव वेगळ्या पेनाने घातलंय. तिच्यापुढे आईने लिहिलंय: ‘फार गप्प. आईचं काम सुटलं आहे असं वाटतं. सोमवारी विचारणे.’